एकोणीसचा पाना

मिस्त्री भर दुपारी घरी आला आणि त्याने सायकल भिंतीला टेकवली. हत्यारांची पिशवी ओट्यावर ठेवली. मग पिशवीत हात घालून एकोणीसचा पाना काढला आणि अंगणात भिरकावून दिला. पाना दगडावर आपटून खुराड्यापाशी जाऊन पडला, आणि कोंबड्यांनी सगळी गल्ली डोक्यावर घेतली.

हत्यार फेकणाऱ्यातला तो नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याला एकदा जेवणाचं ताट ढकलताना पाहिलं होतं, दोनदा सख्ख्या भावाच्या अंगावर धावून जाताना पाहिलं होतं. पण हत्यार तो उघड्या मातीवर ठेवायचासुद्धा नाही, खाली फडकं अंथरायचा. त्यामुळे ती हातातलं काम टाकून दारात आली. तिने काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "तोंड फाकलंय त्याचं. निकामी झालाय."

"काय झालं?"

"मळ्यावरच्या इंजिनाचा स्टड तुटला. हेडचा."

ओट्याच्या टोकाला त्याची म्हातारी आई वाटाणे सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "स्टड तुटला तर स्टड फेकायचा. पाना कशाला फेकलास?"

एरवी तो हसला असता. आज त्याने खिशातून तुटलेला स्टड काढून बायकोपुढे धरला. करंगळीएवढा जाड, बोटभर लांब तुकडा, वर नट तसाच बसलेला. इंजिनाचं हेड असे सहा स्टड खाली दाबून धरतात, आणि सहाही नट सारखे आवळलेले असावे लागतात. एक गेला की हेड उचलतं, पाणी आत जातं, आणि इंजिन धापा टाकून बसतं. मंगळवारी त्याने ते दुरुस्त करून दिलं होतं. आज शुक्रवारी बसलं.

"पान्याचं तोंड सैल झालं की हाताला अंदाज येत नाही," तो म्हणाला. "किती आवळलं ते कळतच नाही. वीस वर्षं झाली या पान्यांना. आता नवीन आणायचे. चांगले. खरे."

ती अंगणात गेली, पाना उचलला, कपड्याला पुसला. तोंडात बोट फिरवून पाहिलं. वीस वर्षांत झिजायचं तेवढंच झिजलं होतं, त्यापलीकडे काही नव्हतं. तिने तो पिशवीत न ठेवता आत फळीवर नेऊन ठेवला. मंगळवारपासून तिला याचीच धास्ती होती.

त्या घरात वर्षभर एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. मिस्त्रीचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी शर्टाची गुंडी लागेना. मग बारीक तार भोकातून ओवता येईना. मग चहाचा कप बशीवर वाजायला लागला. त्यावर म्हातारीने कप अर्धाच भरायला सुरुवात केली आणि दूध महाग झाल्याचं कारण सांगितलं. अर्धा कप सांडत नाही. डॉक्टरने एकदा हात पाहून गोळ्या दिल्या होत्या आणि मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. गोळ्या संपल्या, मोठा दवाखाना राहून गेला, आणि सगळे मूग गिळून बसले.

बायकोने तिच्यापरीने तोड काढली होती. ती त्याच्याबरोबर कामावर जायला लागली. घरात बसून कंटाळा येतो म्हणाली. यात कुणाला नवल वाटलं नाही, कारण पंधरा वर्षं ती घरच्या घरी त्याचे सुटे भाग डिझेलमध्ये धूत होती, व्हॉल्व घासत होती, जोडाखाली घालायची गॅस्केट कापून देत होती. काम संपलं की मिस्त्री हात धुवायला जायचा, मालकाशी दोन शब्द बोलत उभा राहायचा. तेवढ्यात ती फडकं घेऊन इंजिन पुसायला बसायची आणि पुसता पुसता एकेका नटाला पाना लावून बघायची. कधी नट पाव फेरा फिरायचा, कधी अर्धा. ती आवळायची, फडकं फिरवायची आणि उठायची. वर्षभरात मिस्त्रीने दुरुस्त केलेलं एकही इंजिन परत आलं नाही. वय वाढलं तसा मिस्त्रीचा हात बसला, असं लोक म्हणायचे. ते ऐकून तो रस्त्याने छाती काढून चालायचा, आणि वेड्यासारखा तिलाही आनंद व्हायचा.

मंगळवारी मळ्यावर मात्र पहिले चार नट घट्टच लागले, आणि पाचव्याला पाना लावला तर तोही जागचा हलेना. तिथेच तिने सोडून द्यायला हवं होतं. पण वर्षभराची सवय. तिने दोन्ही हातांनी जोर दिला. नट थोडा फिरला, आणि फिरताना हाताला मऊ लागला. घट्ट होत जाणारा नट कधी मऊ लागत नाही. तिला तेव्हाच कळलं की आत काहीतरी ओढलं गेलंय. तिने फडकं फिरवलं आणि उठली.

"मळ्याचे मालक काय म्हणाले?" तिने आता विचारलं.

"काय म्हणणार? गहू दाण्यात आलाय. चार दिवसांत पाणी मिळालं तर दाणा भरेल, नाहीतर पोचट. चार दिवस दिलेत मला. नंतर चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावतो म्हणाले." तो थांबला. "एकदा तो त्या मळ्यात शिरला की बाकीचेही त्यालाच बोलावतील. मिस्त्रीचा हात चुकला म्हणतील. एवढं बोललं की संपलं."

म्हातारीने सोललेले वाटाणे सुपात सारखे केले. "पत्र्यांचे पैसे आहेत ना, ते घ्या," ती म्हणाली. "छप्पर माझ्या डोक्यावरचं गळतंय. मी म्हणते थांबेल म्हणून, थांबेल ते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं टेम्पोने शहरात गेली. हत्यारांचं दुकान जुन्या बाजारात होतं, अरुंद आणि लांबलचक, आत जाल तितका अंधार. भिंतीवर आकाराप्रमाणे पाने टांगलेले, खाली डब्यांत नट-बोल्ट, आणि सगळीकडे ग्रीसचा वास. गल्ल्यावर जाड भिंगाचा चष्मा लावलेला म्हातारा दुकानदार बसला होता. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेलेली होती, म्हणजे आयुष्यात कधीतरी तो लेथवर उभा राहिलेला माणूस होता. चारपाच गिऱ्हाइकं होती. त्यांत एक ट्रकचा ड्रायव्हर गाडी रस्त्यात उभी करून आला होता आणि पायावर पाय बदलत होता.

दुकानदाराने आधी प्लॅस्टिकची पेटी पुढे सरकवली. "बत्तीस नग. पेटीसकट."

मिस्त्रीने पेटी उघडली, बघितली आणि बंद केली. "लग्नात आहेर द्यायला बरी आहे."

दुकानातली माणसं हसली. मिस्त्रीला चेव आला. त्याने पेटीतला एक पाना काढून उजेडात धरला. "ही चकाकी बघा. आत काय आहे ते लपवायलाच एवढी लागते. तोंडाची कड बघा, गोल. पान्याची कड गोल असली की चार दिवसांत नटाचे कोपरेही गोल करून ठेवते. आणि हा आकडा. खऱ्या पान्याचा आकडा पोलादात रुतलेला असतो, बोटाला लागतो. हा नुसता टेकवलाय."

दुकानदाराने चष्मा कपाळावर नेला. "ओळखणारा माणूस आला म्हणायचं," तो म्हणाला आणि स्वतः उठून आत गेला. येताना तेलकट कागदात गुंडाळलेले पाने घेऊन आला. ते दिसायला मळकट राखाडी होते. मिस्त्रीने एकाला दोरा बांधून लोंबकळत धरला आणि दुसऱ्याने हलकेच टोला दिला. आवाज बराच वेळ राहिला. त्याने तो सपाट काचेवर ठेवून दाबला. कुठेही डुगडुगला नाही. प्रत्येक पान्याबरोबर तो काहीतरी सांगत होता, आणि गिऱ्हाइकं आपली कामं सोडून ऐकत होती. बायको दाराशी उभी होती. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की क्षणभर आपण कशासाठी आलो तेच ती विसरली.

"आता तोंड बघू," मिस्त्री म्हणाला. त्याने खिशातला तुटका स्टड काढून दुकानाच्या शिकंज्यात पकडला. नट वर आला. एकोणीसचा नवा पाना उजव्या हातात घेऊन त्याने तो नटावर चढवला.

टक. टक टक टक.

पान्याचं तोंड नटावर वाजत होतं.

"ऐकलंत?" मिस्त्री म्हणाला. "खेळतंय. तोंड मोठं आहे."

दुकानदाराने दुसरा पाना दिला. तोही वाजला. "हाही सैल." तिसरा दिला, तो परदेशी होता आणि किमतीला दुप्पट होता. तोही तसाच वाजला. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आता आवाज जास्तच यायला लागला.

"काका," ट्रकवाला म्हणाला, "पाना घ्यायला आलात की पान्याला स्थळ बघायला?"

आता माणसं हसली ती वेगळं हसली. दुकानदार हसला नाही. त्याने मिस्त्रीच्या मनगटाकडे पाहिलं आणि मग भिंगांतून दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्या एका नजरेत दुकानदाराला सगळं कळलं आणि त्याला कळलं हे मिस्त्रीलाही दिसलं. इतकं जाणणारा माणूस असा चारचौघांत उघडा पडावा, हे तिला बघवेना.

म्हाताऱ्याने विषय बदलायचा म्हणून शिकंजा सैल केला आणि स्टड हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. पण तोही जातिवंत कारागीर. दिसलं ते बोलून गेला. "हा सैल पान्याने नाही तुटलेला. इथे मानेपाशी बघा, बारीक झालाय. ओढला गेलाय. जोर वाढवायला पान्याच्या दांड्यावर पाइप घालून आवळला होता का?"

मिस्त्रीने त्याच्या हातातून स्टड घेतला, खिशात टाकला आणि बायकोला म्हणाला, "चल."

दुकानाच्या बाजूला बोळात रिकामी खोकी रचलेली होती. तिथे तो एका खोक्यावर बसला. उन्हं डोक्यावर येत होती आणि बोळातल्या गटाराला वास येत होता. ती उभीच राहिली.

"पाइप घातला होता तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली. "तू पाण्याला गेलीस तेव्हा. दांड्यावर पाइप घालून सगळे आवळले."

"का?"

"हाताला कळत नाही गं. आवळतोय असं वाटतं, आणि आवळलंय की नाही ते कळत नाही. वर्ष झालं. म्हटलं एखाद्या दिवशी सैल राहील आणि माझ्यापायी कुणाचं तरी पीक जाईल. म्हणून पाइप. पहिल्यांदाच घातला." तो खोटं हसला. "तरी वर्षभर एकही सैल राहिला नाही. म्हटलं हात थरथरत असला तरी आत ताकद आहे अजून."

इथे तिला गप्प राहता आलं असतं. गप्प राहिली असती तर तो आत जाऊन सगळ्यांत महाग पाना घेऊन आला असता आणि घर पुन्हा पूर्वीसारखं चाललं असतं. पण ती थकली होती. वर्षभर एकच खोटं दोन्ही हातांनी धरून ती थकली होती.

"राहायचे सैल," ती म्हणाली. "मी मागून आवळायचे. पुसता पुसता."

मिस्त्री गटाराकडे बघत होता तसाच बघत राहिला. एक हातगाडी बोळातून खडखडत गेली. ती जाईपर्यंत दोघं थांबली.

"गिरणीचं इंजिन?" त्याने विचारलं.

"हो."

"पुलाजवळचा पंप?"

"त्याचे चार नट."

"त्या पंपाचं लोक अजून नाव काढतात."

 त्याने आणखी तीन कामांची नावं घेतली आणि तिने तीन वेळा होकार दिला. मागच्या वर्षातलं एकेक काम ती त्याच्याकडून काढून घेत होती आणि तिला थांबताही येत नव्हतं.

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी घट्टच होता. तरी मी जोर दिला. हाताला मऊ लागला, तेव्हाच कळलं मला. पण बोलले नाही. बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं."

"म्हणजे मी तुझ्यापासून चोरून आवळला, तू माझ्यापासून चोरून आवळलास," मिस्त्री म्हणाला, "आणि पाना बिचारा अंगणात पडला."

तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. तिने बाहीने डोळे पुसले. तो मात्र हसला नाही. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "लहान मूल सांभाळावं तसं सांभाळलंत मला. आईसुद्धा. दूध महाग झालंय म्हणे." तो उठला, दोन पावलं चालला आणि परत आला. "हात गेला तर गेला. पण मला वेड्यात काढायची गरज नव्हती."

"वेड्यात नाही काढलं," ती म्हणाली. "भीती वाटत होती. तुम्ही घरी बसलात तर तुमचं काय होईल, याची. पोटाचं काय होईल त्याची नंतर."

तो पुन्हा खोक्यावर बसला. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला, लहान पोरं थंडीत धरतात तसा. रागाचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही. बऱ्याच वेळाने तो उठला आणि कपडे झटकून दुकानाच्या दिशेने चालू लागला. ती मागून गेली.

ट्रकवाला अजून तिथेच होता, त्याचं सामान बांधून व्हायचं होतं. मिस्त्री सरळ गल्ल्यापाशी गेला. "ते तेलकट कागदातले पाने पुन्हा काढा," तो दुकानदाराला म्हणाला, आणि मागे वळून, "पुढे ये. हात पुढे कर."

तिने हात पुढे केला. तळव्याला काळे चिरे पडलेले होते. मिस्त्रीने डाव्या हाताने एकेक पाना तिच्या तळव्यावर ठेवला. मूठ मिटायला सांगितली. मूठ किती भरते ते बघितलं. "याचा दांडा रुंद पडतोय हिला. दुसरा दाखवा. आणि लांब दांड्याचा रिंगचा पाना आहे का?"

"आहे. पण लांब दांड्याने जास्त आवळलं जातं, बरं का ताई," दुकानदार तिला म्हणाला.

"आता थांबेन मी," ती म्हणाली.

मिस्त्रीने खिशातून काढून दिलेला स्टड तिने शिकंज्यात पकडला आणि पाना नटावर चढवला. अजिबात आवाज झाला नाही. पाना गपकन बसला आणि बसून राहिला.

ट्रकवाल्याने हे सगळं पाहिलं होतं. या वेळी त्याच्या बोलण्यात टवाळी नव्हती, नुसतंच नवल होतं. "मावशी चालवणार का पाना?"

मिस्त्रीने त्याच्याकडे वळून पाहिलं. दुकानातली सगळी माणसं ऐकत होती. "वर्षभर तीच चालवते आहे," तो म्हणाला. "माझा हात गेलाय."

एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते तिलाच माहीत. ट्रकवाल्याने मान हलवली आणि आपलं सामान उचललं. दुकानदाराने एकोणीसचा, बावीसचा आणि आणखी तीन असे पाच पाने पुन्हा तेलकट कागदात गुंडाळले, मळ्याच्या इंजिनासाठी एक नवा स्टड दिला आणि त्याच्या मापाची गॅस्केट दिली. पत्र्यांचे पैसे जवळजवळ सगळे गेले. परतीच्या वाटेवर टेम्पोत दोघांच्या मध्ये पुडकं होतं. घरी पोचल्यावर म्हातारीने चहा केला. मिस्त्रीने कप बघितला आणि म्हणाला, "पूर्ण भर." तिने भरला. तो अर्धा शर्टावर सांडला, तरी उरलेला तो शेवटपर्यंत प्यायला.

रविवारी सकाळी ती दोघं मळ्यावर गेली. पाटाच्या कडेला पत्र्याच्या खोपट्यात इंजिन होतं. गव्हाचे शेंडे वाळायला लागले होते, आणि वारा आला की पिकाचा आवाज कोरडा यायचा. मळ्याचा मालक बांधावर उभा होता. त्याने मिस्त्रीला खोपट्याबाहेर दगडावर बसलेलं पाहिलं, बायकोला बाह्या दुमडताना पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मिस्त्री, हे काय? तुम्ही बसणार, आणि वहिनी काम करणार?"

"हो."

"हे बघा, माझं पीक जळतंय. थट्टा करायची वेळ नाही ही."

"थट्टा नाही, मालक. स्टड आमच्या चुकीने तुटला. आता काढणार ती आणि बसवणारही ती. माझ्या हाताने होत नाही. पटत नसेल तर चौकातून गॅरेजवाल्याला बोलवा, मी वाईट वाटून घेणार नाही."

मालकाने गव्हाकडे पाहिलं. आज रविवार, गॅरेज बंद. "दुपारपर्यंत बघतो," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. आपल्या पाठीवर कुणीतरी डोळे लावून उभं आहे, हे काम करताना तिला पहिल्यांदाच जाणवलं. आजवर तिने जे केलं ते कुणी बघत नसताना केलं होतं.

हेड उतरवायला तासभर लागला. तुटक्या स्टडचा अर्धा इंच भाग वर राहिला होता. तिने त्याच्या मुळाशी डिझेल सोडलं, मुरू दिलं, झोताच्या दिव्याने भोवतालचं बिडाचं लोखंड तापवलं आणि दातेरी तोंडाचा पाइप पाना लावला. जोर दिला. पाना घसरला आणि तिची बोटं खरबरीत बिडावर आपटून सोलली गेली. तिने रक्त फडक्याला पुसलं. मालकाने जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"उलटा ओढू नको आधी," बाहेरून मिस्त्री म्हणाला. "आधी तसूभर आत घाल. गंज मोडू दे. मग बाहेर."

तिने तसं केलं. आत थोडा, मग बाहेर थोडा, पुन्हा आत. डिझेल. पुन्हा बाहेर. मिस्त्री बघत नव्हता, मान खाली घालून नुसतं ऐकत होता. मध्येच एकदा "थांब" म्हणाला आणि ती थांबली. तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण स्टड पुन्हा अडकला होता. अजून एक हिसका बसला असता तर तो वरच्या पृष्ठभागाशी तुटला असता आणि मग त्या दिवसात काही निघालं नसतं. तिने पुन्हा तापवलं. सूर्य खोपट्याच्या पत्र्यावर आला तेव्हा स्टड एक फेरा फिरला, मग दोन, आणि मग बोटांनीच बाहेर आला.

नवा स्टड बसला. गॅस्केट बसली. हेड ठेवलं. मग तिने लांब दांड्याचा पाना घेतला आणि नट आवळायला लागली, समोरासमोरचे, आडवे, कुठलाही एक एकदम पूर्ण नाही. पहिल्या फेरीला मनगटाने, दुसऱ्या फेरीला कोपराने. तिसऱ्या फेरीला खांदा लावला, आणि प्रत्येक नट जिथे जड झाला तिथे स्वतःला आवरून हात काढून घेतला. पाचव्या नटाला तिचा हात भीतीने जागच्या जागी राहिला. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, पण त्याने काहीही सांगितलं नाही. किती आवळायचं ते तिचं तिलाच ठरवू दिलं. तिने ठरवलं.

मळ्यावरच्या गड्याने हँडल मारलं. दोनदा इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा चालू झालं आणि धुराचा काळा लोट पत्र्यावर जाऊन आदळला. मग आवाज एकसारखा झाला. तिने हेडच्या कडेने बोट फिरवून पाहिलं, कुठे ओल नव्हती. मालक पाटाच्या बाजूने पाण्याबरोबर शेताकडे चालायला लागला. ती मिस्त्रीशेजारी जमिनीवर येऊन बसली. सोललेली बोटं आता ठणकायला लागली होती. मिस्त्रीने ती डाव्या हातात घेतली आणि त्यांवरचं ग्रीस आपल्या शर्टाला पुसलं.

अर्ध्या तासाने शेताच्या पार टोकाकडून मालकाची हाक आली. इंजिनाच्या आवाजातूनही ती स्पष्ट ऐकू आली. "मिस्त्री! अहो मिस्त्री! इकडे या, पाणी पोचलं बघा!"

मिस्त्रीने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि तो उठायला लागला. पंचवीस वर्षं त्या हाकेला तो असाच उठत आला होता. अर्धा उठल्यावर तो थांबला. तसाच क्षणभर वाकून राहिला, आणि मग सावकाश खाली बसला.

"जा," तो म्हणाला. "हाक मारतायत."

"तुम्हाला मारली."

"अगं, मिस्त्रीला मारली."

तिला वाटलं, त्याने असं म्हणायला नको होतं. तिला वाटलं, आपल्याला ऐकूच आलं नाही असं दाखवावं आणि त्याला जाऊ द्यावं. पण मालकाने पुन्हा हाक मारली, आणि मिस्त्री इंजिनाकडे तोंड करून बसला होता, वळायला तयार नव्हता. मग ती उठली, हात फडक्याला पुसले आणि बांधावरून गव्हाकडे चालायला लागली.